उधारीच्या वहीतला प्रश्न

स्मरणिकेसाठी 'शाळेची एखादी आठवण पाठवा' असा निरोप आला तेव्हा मी रक्तपेढीत रात्रपाळीला होतो. चिंचेचं झाड, शनिवारची कवायत, स्नेहसंमेलनातलं पडलेलं नाटक हे सगळं बाकीचे लिहितीलच. मी १९८६ च्या दहावीचा. माझ्याकडं सांगण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे विज्ञानाच्या सरांची उधारीची वही.

सरांचं नाव लिहीत नाही, 'विज्ञानाचे सर' म्हटलं की त्या काळातल्या प्रत्येकाला कळतं. वही मात्र नंतरच्या मुलांना माहीत नसेल. वाण्याच्या दुकानात असते तसली लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. वर्गात कुणी प्रश्न विचारला आणि सरांना उत्तर आलं नाही, तर ते "हे उधार राहिलं बाबा" म्हणायचे आणि तारीख, विचारणाऱ्याचं नाव, प्रश्न असं टिपून ठेवायचे. उत्तर सापडलं की आधी वर्गाला सांगायचे, मग त्या ओळीवर काट मारून पुढं 'जमा' लिहायचे. उत्तर येत नसेल तर "पुस्तकात नाही ते विचारू नको" म्हणणारे शिक्षकही आम्हाला होते. तुलना करत नाही, पण वही एकाचीच होती.

रक्तगटाचा तास सरांनी वर्गात न घेता मैदानावर घेतला. लाल कार्डपेपरचे बिल्ले, काहींवर ए, काहींवर बी. काही पोरांना दोन्ही, काहींना एकही नाही. हे बिल्ले म्हणजे प्रतिजन, तांबड्या पेशीच्या अंगावर असतात ते. मग सरांनी पत्र्याच्या डब्यातला डिंक काढला. नियम असा: तुमच्या अंगावर जो बिल्ला नाही, त्याला चिकटणारा डिंक तुमच्या खिशात. तो डिंक म्हणजे प्रतिपिंड, रक्तद्रवात फिरणारे. ए वाल्याच्या खिशात बी चा डिंक, बी वाल्याच्या खिशात ए चा. एबी वाल्याचा खिसा रिकामा. ओ वाल्याच्या अंगावर काही नाही, पण खिशात दोन्ही डिंक. मग पोरं इकडची तिकडं सोडली आणि दहा मिनिटांत निम्मा वर्ग एकमेकांना चिकटला. दोन सदरे फाटले. घरी मार बसला, पण कुणाचं कुणाला चालतं हे ज्याला त्या दिवशी कळलं त्याला पुन्हा तक्ता पाठ करावा लागला नाही.

"रक्त गोठणं वेगळं आणि या गुठळ्या वेगळ्या," सर बजावायचे. जखमेवर रक्त गोठतं तिथं धाग्यांचं जाळं विणलं जातं. इथं जाळं नसतं, पेशी पेशीला डिंकानं धरलेली असते. शरीरात मात्र अशा चिकटलेल्या पेशी नुसत्या अडकून राहत नाहीत, फुटतात. त्यातला तांबडा रंग लघवीत उतरतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. पुस्तकात यासाठी 'रक्तपराधान' असा भारदस्त शब्द होता. पस्तीस वर्षं रक्तपेढीत काढली, हा शब्द उच्चारणारा एकही माणूस भेटला नाही. डॉक्टर 'ट्रान्सफ्युजन' म्हणतात आणि नातेवाईक 'बाटली चढवली का?' असं विचारतात. काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची पिशवी कधीच आली, शब्द काही पिशवीत गेला नाही.

तास संपता संपता मी विचारलं, "सर, ए झाला, बी झाला, मग सी कुठं गेला? एकदम ओ कसा?" वर्ग खो खो हसला. सरांनी वही काढली.

आता माझ्या ओळखपत्राची गोष्ट. नववीत असताना एका शिबिरात आमचे रक्तगट तपासले होते. बोटाला टोचायचं, काचपट्टीवर थेंब, पुढं रांग. माझ्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' आलं, बाकावरच्या शेजाऱ्याच्या कार्डावर 'बी पॉझिटिव्ह'. अंगावर एकही बिल्ला नाही म्हणून दहावीचं वर्षभर तो मला 'रिकामा डबा' म्हणायचा. पुढं त्यानं राजदूत मोटारसायकल घेतली तेव्हा टाकीवर आईच्या नावाखाली 'बी पॉझिटिव्ह' रंगवून घेतलं होतं.

बारावीनंतर मी डी.एम.एल.टी.ला, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला गेलो. पहिल्याच प्रात्यक्षिकात आपलंच रक्त आपण तपासायचं होतं. पांढरी फरशी, तिच्यावर रक्ताचे तीन थेंब. पहिल्यात निळं अँटी-ए, म्हणजे ए चा डिंक, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारं बिनरंगी अँटी-डी. काडीनं ढवळायचं आणि फरशी हलके हलके डोलवायची. निळा थेंब तसाच सपाट लाल राहिला. पिवळ्याच्या कडेला आधी बारीक रवा दिसला, मग बघता बघता दूध फाटावं तसं झालं, लाल दाणे बाजूला आणि मध्ये पिवळट पाणी. मी 'ओ' म्हणून घरून निघालो होतो आणि फरशी म्हणत होती 'बी'. फरशी धुऊन पुन्हा केलं, तेच. उलट बाजूनंही तपासलं, म्हणजे माझ्या रक्तद्रवात ओळखीच्या ए आणि बी पेशी टाकल्या. ए च्या गुठळ्या झाल्या, बी ला काही नाही. शंकाच उरली नाही.

म्हणजे शिबिरात आम्हा दोघांच्या नोंदींची अदलाबदल झाली होती. पुढंमागं उभे होतो, झालं. त्याच रात्री मित्राला अंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यानं तालुक्याला जाऊन तपासून घेतलं, तो निघाला ओ. चूक एकच, पण धोका दोघांना सारखा नव्हता. मला चुकून ओ च्या पेशी दिल्या असत्या तर फार काही बिघडलं नसतं, माझ्या डिंकाला चिकटायला त्यांच्यावर काही नाही. त्याला मात्र टाकीवरचं वाचून कुणी बी चढवलं असतं तर त्याच्या अंगातल्या अँटी-बी नं त्या पेशी तिथल्या तिथं फोडल्या असत्या. अर्थात कुठलीही धड रक्तपेढी गाडीवरचं वाचून पिशवी देत नाही. ताजा नमुना घेते, गट पुन्हा काढते, क्रॉसमॅच करते, म्हणजे पिशवीतल्या पेशी रुग्णाच्या द्रवात मिसळून बघते. पण टाकीवर 'बी' लिहिलेला माणूस बघितला की मला अजून धस्स होतं. चुकीच्या गटाचं रक्त जातं तेव्हा बहुतेक वेळा शास्त्र चुकलेलं नसतं, चिठ्ठी चुकलेली असते. एका वॉर्डात दोन पाटील असतात आणि नळीवर नाव लिहायचं ते खाटेजवळ न लिहिता टेबलावर जाऊन लिहिलं जातं. आमच्याकडं नवीन आलेल्या पोरींना मी पहिल्या दिवशी हीच मोटारसायकलची गोष्ट सांगतो.

आनुवंशिकता शिकवताना सरांनी 'आईवडिलांचे रक्तगट विचारून आणा' असा गृहपाठ कधीच दिला नाही. शेजारच्या शाळेत देत. "कुणाच्या घरात कार्डं चुकलेली असली तर उगाच आग लागायची," एवढंच ते म्हणाले होते. ते किती शहाणपणाचं होतं ते पुढं येईलच.

सी चं उत्तर मला कॉलेजच्या ग्रंथालयात सापडलं. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेऊन एकाचा द्रव दुसऱ्याच्या पेशींत मिसळून पाहिला. १९०१ च्या निबंधात त्यांनी तीन गट मांडले: ए, बी आणि सी! तो सी म्हणजेच आजचा ओ. चौथा, एबी, १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. लँडस्टायनरना नोबेल मिळालं १९३० मध्ये. दिवाळीला गावी आलो ते सरळ सरांच्या घरी. सरांनी वही काढली, पान शोधलं, काट मारली आणि 'जमा' लिहिलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "चार वर्षं लागली रे. व्याज काय देऊ?"

मी म्हणालो, "चहा द्या."

पुढं मुंबईत नोकरी लागली. १९९६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सीमाभागातून आलेल्या एका बाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलेलं, हिमोग्लोबिन सहाच्या आत. नमुना आला. निळ्यात काही नाही, पिवळ्यात काही नाही, डी ला गुठळ्या. ओ पॉझिटिव्ह, सगळ्यात सोपं काम. फ्रीजमधून ओ ची पिशवी काढून क्रॉसमॅच लावला तर नळीत गुठळ्या. दुसरी पिशवी, तिसरी, सहावी. प्रत्येकीशी तेच. उलट तपासणीत त्यांच्या द्रवात ए पेशी चिकटल्या, बी चिकटल्या, ते ठीकच. पण ओ च्या पेशीही चिकटल्या! ज्यांच्यावर एकही बिल्ला नाही त्यांना डिंक धरतोय कशाला?

आमच्या वरिष्ठ बाईंनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अहो, ही आपल्या मुंबईचीच ओळख आहे."

'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्या निबंधावर देशपांडे, भाटिया यांच्याबरोबर लंडनच्या रेस आणि सँगर यांचीही नावं आहेत. शहराचं नाव बदललं, विमानतळाचं बदललं, विद्यापीठाचं बदललं, हा गट जगभर अजून बॉम्बेच आहे.

सरांच्या खेळात एक गोष्ट राहून गेली होती. ओ वाला रिकामा नसतोच. प्रत्येकाच्या पेशीवर आधी एक खुंटी असते, तिला एच म्हणतात. ए चं जनुक त्या खुंटीवर एक साखर टांगतं, बी चं जनुक दुसरी. ओ वाल्याची खुंटी नुसती मोकळी. या बाईंच्या पेशींवर खुंटीच नव्हती. घरात सदरा आहे की नाही हा प्रश्नच नाही, टांगायचा कुठं? आणि जे आपल्या अंगावर नाही त्याचा डिंक खिशात, हा सरांचा नियम इथंही लागू होता. त्यांच्या द्रवात ए चा, बी चा आणि एच चाही डिंक होता. म्हणून जगातला कुठलाही साधा ओ त्यांना परका. त्यांच्या तांबड्या पेशी तत्त्वतः ए, बी, एबी, ओ कुठल्याही पॉझिटिव्हवाल्याला चालतील, त्यांना मात्र बॉम्बेवाल्याशिवाय कुणाचं चालणार नाही.

आपल्याकडं साधारण १०,००० माणसांत एक असा असतो. युरोपात दहा लाखांत एक. शोधायचा कुठं? पहिल्यांदा घरात. खुंटी नसण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही 'नाही' यावं लागतं, त्यामुळं प्रत्येक सख्ख्या भावंडात चारात एक अशी आशा असते. बाईंच्या वडिलांचं लग्न मामाच्या मुलीशी झालेलं, आपल्या भागात नवल नाही. तीन भावंडं होती. दोन आली ती साधी निघाली. तिसरा भाऊ रात्रीच्या एसटीनं आला, चिखलाच्या चपला दारात काढून आत. त्याचा द्रव बहिणीच्या द्रवासारखाच ओ च्या पेशींना धरत होता, आणि दोघांच्या रक्ताचा क्रॉसमॅच लावला तर नळी स्वच्छ.

"किती काढणार?" त्यानं विचारलं.

"साडेतीनशे मिली."

"मग मला काय राहतंय?"

"दादा, तुमच्या अंगात चार-पाच लिटर आहे."

तो थोडा वेळ गप्प बसला. "मग दोन पिशव्या घ्या की. एकीनं काय हुतंय तिचं?"

दोन घेता येत नाहीत हे त्याला पटवायला रक्त काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला. दुसरी पिशवी दुसऱ्या रक्तपेढीच्या यादीतल्या एका दात्याकडून मिळाली. ऑपरेशन झालं, बाई चालत घरी गेल्या.

दिवाळीत पुन्हा सरांकडं. सर निवृत्तीला आले होते. मी म्हणालो, "सर, आपल्या मैदानातल्या खेळात दुरुस्ती आहे. ओ रिकामा नसतो." आणि खुंटीची सगळी हकिगत सांगितली. घरच्या गृहपाठाचंही सांगितलं. बॉम्बे गटाच्या बापाकडं बी चं जनुक असू शकतं, फक्त टांगायला जागा नसते. साध्या तपासणीत तो ओ दिसतो. आई ओ असली तरी मुलाला तिच्याकडून खुंटी मिळते आणि बापाचा बी तिच्यावर दिसायला लागतो. आई ओ, बाप ओ, पोरगं बी! तक्ता पाठ केलेला माणूस अशा घरात काय काय बोलेल? सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी घाबरून दिला नाही तो गृहपाठ बरोबर होता."

मग त्यांनी विचारलं, "ज्यांना ही खुंटी नाही, त्यांना काही त्रास असतो का रे?"

"काही नाही सर. धडधाकट असतात. तो भाऊ ऊसतोडीला जायचा. रक्त लागेपर्यंत पत्तासुद्धा लागत नाही."

"मग खुंटी असते कशाला?"

मी गप्प. सरांनी वही पुढं ओढली, तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिलं. "लिही. या वेळी विचारणारा मी. देणं तुझ्याकडं."

ती वही शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवणार आहेत, असं समितीकडून कळलं. विनंती एवढीच, तिला काचेत ठेवू नका. शेजारी दोरीनं पेन बांधा. मागची बरीच पानं कोरी आहेत, आणि माझी ओळ अजून काट न मारता तशीच आहे.