माकडाचा हुद्दा, डी-2 रिसेप्टर आणि कोकेनची गोडी

कोकेन एकदा घेतलं की माणूस अडकलाच, असं समजलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणांनुसार एकदा तरी कोकेन घेतलेल्यांपैकी साधारण सहा-सात जणांमागे एकाला पुढे व्यसन जडतं. (यावर कुणी हुरळून जाऊ नये. तो एक कोण हे आधी कळत नाही, आणि कोकेनमुळे हृदयविकाराचा झटका यायला व्यसनी असावं लागत नाही.) मग त्या एकात वेगळं काय असतं? गेली तीसेक वर्षं या प्रश्नावर काम करणारे बरेच जण फिरून फिरून एकाच जागी येतात : डोपामाइनचे डी-2 रिसेप्टर. (डोपामाइन म्हणजे चेतापेशींमधला रासायनिक निरोप्या, आणि रिसेप्टर म्हणजे तो निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन.)

आधी कोकेन करतं काय ते थोडक्यात. चेतापेशी डोपामाइन सोडते आणि काम झालं की ट्रान्सपोर्टर नावाचं प्रथिन ते परत आत ओढून घेतं. कोकेन नेमकं या ट्रान्सपोर्टरवर जाऊन बसतं. मोरीचं तोंड बुजलं की पाणी तुंबतं, तसं डोपामाइन दोन पेशींमधल्या फटीत साचत जातं. व्यसनी मेंदूचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधक नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली माणसांवर मोजून दाखवलं, की नशा जाणवायला निदान 47% ट्रान्सपोर्टर अडवले जावे लागतात. नशेसाठी एरवी घेतल्या जाणाऱ्या मात्रेत 60 ते 77% अडतात. म्हणजे मुळात औषध म्हणून कोकेन सगळ्यांच्या मेंदूत जवळपास सारखंच वागतं. फरक पडतो तो साचलेलं डोपामाइन ज्यांच्यावर आदळतं त्या रिसेप्टरांमुळे.

डोपामाइनचे रिसेप्टर पाच प्रकारचे. डी-1 आणि डी-5 पेशीला चेतवतात. डी-2, डी-3, डी-4 तिला शांत करतात. त्यातला डी-2 दोन जागी बसतो : संदेश घेणाऱ्या पेशीवर, आणि डोपामाइन सोडणाऱ्या पेशीवरसुद्धा. दुसऱ्या जागी त्याचं काम लगाम घालण्याचं. बाहेर डोपामाइन वाढलं की तो पेशीला ‘आता पुरे’ असं कळवतो. हा लगाम मुळातच ढिला असेल तर तेवढ्याच चिथावणीला जास्त डोपामाइन सुटतं. उतावळ्या स्वभावाच्या माणसांच्या मध्यमेंदूत हे लगामी रिसेप्टर कमी उपलब्ध असतात, असं 2010 साली माणसांच्या स्कॅनमध्ये दिसलंही आहे.

हे मोजायचं कसं, यातच निम्मी मेख आहे. रॅक्लोप्राइड हे डी-2ला चिकटणारं द्रव्य घेतात, त्याला किरणोत्सारी कार्बन-11 जोडतात आणि शिरेतून देऊन पीईटी स्कॅन करतात, म्हणजे ते मेंदूत कुठे किती चिकटलं हे किरणोत्सारावरून टिपतात. कार्बन-11चं अर्धायुष्य जेमतेम 20 मिनिटं. तासाभरात एक-अष्टमांश उरतो, त्यामुळे तो बनवणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र त्याच आवारात लागतं. फ्लोरिन-18 वापरलं तर 110 मिनिटं मिळतात. मग स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या, डी-2ने भरलेल्या भागातला संकेत सेरिबेलममधल्या (लहान मेंदूतल्या) संकेताशी ताडून बघतात, कारण सेरिबेलममध्ये डी-2 जवळपास नसतातच. पण या आकड्याला सरळ ‘रिसेप्टरची संख्या’ म्हणणं चूक. रॅक्लोप्राइड डी-2 आणि डी-3 यांत फरक करत नाही. शिवाय ते मेंदूतल्या स्वतःच्या डोपामाइनशी जागेसाठी झगडतं, म्हणजे आकडा कमी आला तर रिसेप्टर कमी असतील, किंवा डोपामाइन जास्त असल्यामुळे जागा आधीच भरलेल्या असतील. म्हणून जाणकार ‘उपलब्धता’ असा शब्द वापरतात. कोकेनच्या व्यसनींमध्ये ही शंका नंतर तपासली गेली. डोपामाइन तयार होणंच औषधाने तात्पुरतं रोखून स्कॅन केले, तेव्हा त्यांच्यात मुळात डोपामाइनही कमीच असल्याचं दिसलं. म्हणजे जागा भरल्यामुळे आकडा घसरलेला नव्हता.

व्यसनींमध्ये डी-2 उपलब्धता कमी असते, हे व्होल्कोंच्या गटाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं, आणि कोकेन थांबवून तीन-चार महिने झाले तरी ती भरून येत नव्हती. पण ती कोकेनने कमी झाली, की कमी होती म्हणून कोकेन लागलं? याची पहिली चुणूक 1999 साली मिळाली. कधीच व्यसन नसलेल्या 23 निरोगी पुरुषांना शिरेतून मिथाइलफेनिडेट दिलं. हे औषधही तोच ट्रान्सपोर्टर अडवतं. ज्यांचे डी-2 कमी त्यांना ते सुखद वाटलं, ज्यांचे जास्त त्यांना नकोसं झालं. औषध तेच, मात्रा तीच.

तरी माणसांवर खरा प्रयोग करता येत नाही. तो झाला नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात, मायकेल नेडर यांच्या प्रयोगशाळेत, लांब शेपटीच्या मकाक जातीच्या 20 नर माकडांवर. त्यांना आधी एकेकटं ठेवून स्कॅन केलं, मग चार-चारच्या गटांत सोडलं. कोण धमकावतो, कोण माघार घेतो, कोण कोणाच्या अंगावरच्या उवा वेचतो याची नोंद ठेवून हुद्दे ठरवले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. एकेकटे होते तेव्हा पुढचे वरचढ आणि दबलेले यांच्यात काही फरक नव्हता. आता वरचढांची डी-2 उपलब्धता सुमारे 22% वाढली होती; दबलेल्यांची होती तिथेच. त्यानंतर कळ दाबली की शिरेतून कोकेन मिळेल अशी सोय केली. दबलेल्या माकडांनी नुसत्या सलाइनपेक्षा कोकेनसाठी जास्त वेळा कळ दाबली. वरचढांना दोन्ही सारखंच.

2002 साली हे छापून आलं आणि अजूनही ‘सत्ता असेल तर व्यसन लागत नाही’ अशा थाटात सांगितलं जातं. ते वाचताना दोन गोष्टी सोडून दिल्या जातात. पहिली : दीर्घकाळ कोकेन मिळत राहिल्यावर वरचढ नरही ते घेऊ लागले आणि दोन्ही गटांतला डी-2चा फरक पुसला गेला. दुसरी जास्त अडचणीची. हाच प्रयोग माद्यांवर केला, तेव्हा वरचढ माद्यांचेही डी-2 वाढले, पण कोकेनला त्याच जास्त भुलल्या. त्यामुळे ‘डी-2 जास्त म्हणजे संरक्षण’ हा नियम नरांपुरताच धरून चालावं, असं आमचं मत.

कारण की परिणाम, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर 2006 साली त्याच प्रयोगशाळेने ऱ्हीसस माकडांवर दिलं. उत्तर : दोन्ही. सुरुवातीला ज्याचे डी-2 कमी, त्याने पुढे जास्त वेगाने कोकेन घेतलं. आणि कोकेन सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात उपलब्धता 15 ते 20% घसरली. ज्यांना आठवडाभरच कोकेन मिळालं त्यांची तीन आठवड्यांत भरून आली. वर्षभर घेतलेल्या पाचांपैकी तिघांची तीन महिन्यांत पूर्ववत झाली. दोघांची पुढचं वर्षभर कोकेनपासून दूर ठेवूनही झाली नाही.

केंब्रिजच्या उंदरांनी यात स्वभावाचा धागा जोडला. पाच भोकांपैकी एकात क्षणभर दिवा लागतो, तिथे नाक घातलं की खाऊ. पण दिवा लागायच्या आधी पाच सेकंद थांबावं लागतं. जे उंदीर न थांबता वारंवार नाक खुपसत, त्यांच्या व्हेंट्रल स्ट्रायटममध्ये (स्ट्रायटमच्या खालच्या भागात) डी-2/डी-3 आधीपासूनच कमी होते. कोकेनचा तेव्हा संबंधच आलेला नव्हता. पुढे त्यांनीच जास्त कोकेन घेतलं, आणि पायाला विजेचा झटका बसत असतानाही घेत राहणारे प्रामुख्याने असेच उतावळे निघाले. नव्या जागी उत्सुकतेने हुंदडणारे उंदीर कोकेन चटकन सुरू करत, पण त्यात अडकत नसत. सुरुवात करणं आणि न थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘व्यसनाचं जनुक’ तपासून देतो म्हणणाऱ्या डीएनए रिपोर्टांवर पैसे घालवू नयेत. त्यांत बहुधा झळकणारा टॅक-1ए हा फरक डी-2च्या जनुकातला मानला जाई. तो प्रत्यक्षात शेजारच्या एएनकेके-1 जनुकात आहे. एका व्यक्तीचं भाकीत करण्याइतकी ताकद त्यात नाही. पीईटीचंही तेच : गटांच्या सरासरीत फरक दिसतो, पण दोन्ही गटांतले आकडे एकमेकांत मिसळलेले असतात.

डी-2 कमी आहेत तर औषधाने त्यांना चेतवावं, हा विचार सुचतोच. ब्रोमोक्रिप्टिनसारखी औषधं वापरून पाहिली गेली, गुण आला नाही. डी-2 बंद करणारी मानसोपचाराची औषधंही उपयोगी पडली नाहीत. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत मंजूर झालेलं एकही औषध नाही. ज्याचा उपयोग नीट सिद्ध झालाय ती बक्षीसपद्धत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बसवलेल्या मूळ आराखड्यात आठवड्यातून तीनदा लघवी तपासायची, कारण कोकेनचे अवशेष तिच्यात दोन-चार दिवसच सापडतात. पहिला नमुना स्वच्छ आला की अडीच डॉलरचं व्हाउचर, पुढच्या प्रत्येक स्वच्छ नमुन्याला सव्वा डॉलर वाढवून, सलग तीन आले की वर दहा डॉलर. एक नमुना बिघडला की पुन्हा अडीचवर. व्हाउचर लगेच हातात द्यायचं. देणं लांबलं की असर उतरतो. रक्कम फार तुटपुंजी ठेवली तरी फसतं.

कोलंबिया विद्यापीठात डायना मार्टिनेझ यांनी 2011 साली असे उपचार घेणाऱ्यांचे आधीचे स्कॅन ताडून पाहिले. ज्यांची डी-2 उपलब्धता जास्त आणि डोपामाइन नीट सुटत होतं, त्यांना गुण आला. ज्यांचं दोन्ही कमी, ते बक्षिसालाही फारसे बधले नाहीत. बक्षीस मोठं केलं तर? मेथाडोनवर (हेरॉइनसारख्या व्यसनांवरचं औषध) असलेल्या, आधी दाद न दिलेल्या रुग्णांवर एका चाचणीत व्हाउचरची एकूण रक्कम जवळपास नऊपट केली होती. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त काळ कोकेन टाळलं.