आखाजीच्या आत पायऱ्या

आमच्या दारच्या पाच पायऱ्यांतली खालची अर्धी रस्त्यात गेली होती. खरं तर पायरी जागेवरच होती, रस्ता वर आला होता. जुना थर न उकरता त्यावरच काँक्रिट ओतलं, रस्ता चार इंच चढला आणि पावसाचं पाणी गटारीऐवजी आमच्या जोत्याकडे वळलं. दोन पावसाळ्यांत मधली पायरी आत भिंतीकडे कलली. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं की ते बाहेर यायचं सोडून ओट्याखाली जिरायचं. आप्पांचा पाय तिथेच दोनदा घसरला, तेव्हा काम काढायचं ठरलं, तेही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत.

अमळनेर तालुक्यातलं बोरी नदीकाठचं हे धाब्याचं घर. गावात ज्याला विचारावं तो सांगे, दगड काढा, ग्रॅनाइट बसवा. मीही जवळजवळ तयार झालो होतो. मग ओळखीतून एक म्हातारे पाथरवट आले. त्यांनी पहारीच्या टोकाने प्रत्येक दगड ठोकून पाहिला. चांगला काळा दगड खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. पाचही खणखणले. म्हणाले, “दगडले काहीच व्हयेल नही भाऊ, खालनी माटी बसी गयी.”

एकेक दगड चार फूट लांब, चौदा इंच रुंद, सात इंच जाड. मी हिशेब केला तर वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास निघालं. चार माणसं, दोन पहारी आणि बोअरचे जुने लोखंडी पाइप, एवढ्यावर ते सरकले. काढण्याआधी मी खडूने नंबर टाकले होते. पहिल्याच संध्याकाळी आईने सवयीने सडा मारला आणि नंबर गेले. मोबाइलमध्ये फोटो होते म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा नंबर टाकले ते तेलरंगाने, दगडाच्या मागच्या बाजूला.

खाली काळी माती निघाली, मार्च महिन्यातही ओली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं सगळं हलत राहतं. मागे एका गवंड्याने सांध्यांत सिमेंट भरलं होतं. ते पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. त्याचा उपयोग एवढाच झाला होता की आत गेलेलं पाणी बाहेर पडेना. दोन फूट माती काढली, सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर दिले, पाणी मारून धुमसने ठोकले, वर दगडगोट्यांची सोलिंग. सगळ्यात जास्त घाम इथेच गेला, आणि आता यातलं काहीच दिसत नाही.

सांध्यांना चुनाच हवा, असा पाथरवटबाबांचा हट्ट. चुन्याची घाणी आता कुठे राहिली? पिंपात विरवलेला चुना, विटांची सुरकी म्हणजे भुकटी आणि वाळू घमेल्यात मळून घेतली. पहिल्या दिवशी आम्ही भर दुपारी सांधे भरले. आमच्या उन्हात सकाळपर्यंत त्यांना केसासारख्या चिरा. चुन्याला घाई चालत नाही, तो ओला ठेवावा लागतो. सगळं खरवडून पुन्हा भरलं, पण दिवस कलल्यावर, आणि पंधरा दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवलं. गोणपाट भिजवायचं काम आप्पांनी कुणाला करू दिलं नाही.

खरा पेच मापाचा होता. ओटा पूर्वी रस्त्यापासून पस्तीस इंच होता, म्हणजे सात-सात इंचांच्या पाच पायऱ्या. आता उरले एकतीस. पाच पायऱ्या ठेवायच्या तर एक आखूड राहणार, आणि सारखे टप्पे मोडले की माणूस तिथेच ठेचकाळतो. चार केल्या तर बरोबर पावणेआठ इंच: सात इंचांचा दगड आणि खाली पाऊण इंच चुना. मी खूश. आई म्हणाली, पायऱ्या विषमच पाहिजेत. यावर दोन दिवस काम बंद. शेवटी तोडगा पाथरवटबाबांनी काढला. पाचवा दगड पहिल्या पायरीपुढे, रस्त्याच्या बरोबरीने जमिनीत बसवला. बाबांच्या मोजणीने चार, आईच्या मोजणीने पाच. मजुरी पाचांची घेतली, हेही सांगायला हवं!

प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला पाव इंच उतार दिला. झिजून गुळगुळीत झालेल्या माथ्यांना बाबांनी छिन्नीने टाकी लावली. दुसऱ्या पायरीच्या कडेला मात्र बोटभर खोल खाच आहे, आजोबा तिथे विळे परजायचे. बाबांनी न विचारताच तेवढा वीतभर भाग सोडला. हात फिरवला की बाकीचा दगड खरखरीत लागतो आणि तिथे एकदम काचेसारखा.

खर्च ग्रॅनाइटच्या अंदाजापेक्षा कमी आला, दिवस मात्र तिप्पट गेले.

आखाजीला सकाळी आईने उंबऱ्यावर गेलेल्यांच्या नावाने कुंकवाची बोटं ओढली. दुपारी पुरणपोळी-रसाच्या वेळेला फुई, म्हणजे आत्या, आली. ती वर मान न करता, बोलत बोलत चढली, पन्नास वर्षांच्या सवयीने. चार झाल्यावरही तिने पाय उचलला, तो धप्पकन ओट्यावर आपटला.

“पाचवी कोठे गयी रे?”

“खाले शे ना,” आई आतूनच म्हणाली.