साउथॉल: जिलबी खाऊन झाल्यावर

लंडनला गेलेला मराठी माणूस साउथॉलला जातो तो खायला, नाहीतर लग्नाची खरेदी करायला. पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइननं वीसेक मिनिटांत पोहोचता येतं. स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीच्या जोडीला गुरुमुखी दिसते आणि आपण उगाच सुखावतो. मीही सुखावलो. ब्रॉडवे या इथल्या मुख्य बाजाररस्त्यावर गरम जिलबी खाल्ली आणि मग उलट, दक्षिणेकडे चालत सुटलो. खरं साउथॉल मला तिकडे भेटलं.

पंजाबी माणसं इथं आली ती १९५०च्या दशकात, वुल्फ रबर कारखान्यातल्या गरम, घाणेरड्या कामावर. गोऱ्या कामगारांना ते काम नको होतं. पुढे हीथ्रो विमानतळानं रोजगार दिला, आणि १९७२ मध्ये इदी अमीननं हाकललेले युगांडातले भारतीयही आले. आता सोमाली, अफगाण, श्रीलंकेचे तमिळ असे सगळेच आहेत.

हॅवलॉक रोडवरचा गुरुद्वारा २००३ मध्ये उघडला. डोकं झाकून लंगरमध्ये पंगतीला बसलो. शेजारी कोण कुठला, कुणी विचारत नव्हतं. पण माझ्या डोक्यात रस्त्याचं नाव घोळत होतं. हॅवलॉक म्हणजे १८५७ मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा सेनापती! त्याच्या नावाच्या रस्त्यावर दाल-रोटी खाताना गंमत वाटली. या रस्त्याच्या एका भागाला अलीकडे गुरू नानक रोड म्हणू लागलेत. बरं झालं.

परतताना डॉमिनियनपाशी थांबलो. आज तिथं कलाकेंद्र आहे, पूर्वी सिनेमागृह होतं, तेही इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या मालकीचं. याच भागात ४ जून १९७६ला गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. वडीलधारे निवेदनं देत राहिले. पोरांनी मात्र साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी केली.

तीन वर्षांनी, २३ एप्रिल १९७९ला, नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी, वर्णद्वेषी पक्षानं इथल्या टाउन हॉलमध्ये निवडणूक सभा ठेवली. ज्या वस्तीला हाकलायचं तिच्याच छातीवर येऊन सभा! निषेधाला हजारो लोक जमले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि न्यूझीलंडहून आलेला शिक्षक ब्लेअर पीच डोक्यावरच्या घावानं गेला. त्याचं पार्थिव याच डॉमिनियनमध्ये ठेवलं होतं. अंत्यदर्शनाला लोटलेल्या हजारोंमध्ये कितीतरी पंजाबी होते. घाव बहुधा पोलिसाचाच, असं सांगणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल २०१० मध्ये बाहेर आला. खटला कुणावरच नाही.

शाळांची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. १९६०च्या दशकात गोऱ्या पालकांनी तक्रार केली, की बीकन्सफील्ड रोडवरच्या शाळेत आशियाई मुलं फार झालीत. मग सरकारनं ठरवलं, एका शाळेत स्थलांतरितांची मुलं एक तृतीयांशाहून जास्त नकोत. परिणामी साउथॉलची चिमुरडी मुलं बसमध्ये कोंबून दूरदूरच्या शाळांत धाडली जाऊ लागली, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. गोऱ्या मुलांना मात्र कुणी साउथॉलला पाठवलं नाही.

आज त्याच बीकन्सफील्ड रोडवर ब्लेअर पीच यांच्या नावाची प्राथमिक शाळा आहे. ब्रॉडवेपासून चालत जाता येतं. तेव्हा जिलबी खा, पण पुढे तेवढी पायपीट कराच.