काळं तिखट

रविवार, रात्री उशिरा.

हाताची आग अजून गेली नाही, खोबरेल चोळून बसलेय, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय.

भाच्याचा नीटचा पेपर झाला. अकरावीपासून लातूरला आमच्याकडंच राहून ट्यूशन करत होता, उद्या उदगीरला घरी चालला. जायच्या आधी काय खायचं विचारलं तर लगेच म्हणाला, मामी, काळ्या तिखटाचं मटण. काळं तिखट म्हणजे मिरची, मसाले अन् खोबरं खमंग भाजून कांडलेलं आमचं तिखट. आता बरणीत मागच्या उन्हाळ्यातलं तिखट होतं तळाशी, पण त्याला रंग होता वास नव्हता, आणि वास गेलेल्या तिखटाचं मटण करून लेकराला वाटं लावायचं हे काही मनाला पटेना. मग मिरचीपासूनच सुरू केलं.

मिरच्या गंजगोलाईतून आणल्या. तिथं 16 रस्ते येऊन मिळतात आणि मसाल्याच्या गल्लीत शिरायच्या आधीच नाक सांगतं की आलो बरोबर. बेडगी घेतली रंगासाठी, आणि तिखटपणासाठी धर्माबादकडची. बेडगी कर्नाटकातली, हावेरी जिल्ह्यातली, अंगानं सुरकुतलेली, गडद लाल, जिभेला फार जाळत नाही. नुसती बेडगी घातली तर कालवण दिसायला लाल आणि चवीला मवाळ, नुसती जहाल घातली तर खाणारा पाण्याच्या तांब्याकडंच बघत राहतो. मी किलोला 600 ग्रॅम बेडगी आणि 400 ग्रॅम जहाल घेते, आमच्या घराला एवढं बरोबर बसतं. घेताना मूठभर उचलून हलवून बघायची, आत बी खुळखुळलं पाहिजे, नरम लागली तर ओल आहे आणि ती पुढं बुरशी धरणार. मग गच्चीवर वाळवल्या. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन इतर कशाच्या कामाचं नसलं तरी मिरचीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, मोडली की कटकन आवाज आला पाहिजे.

देठं मोडायला भाचा बसला बाजूला. त्याला म्हणलं डोळ्याला हात लावू नको, तर त्यानं मलाच शिकवलं, की मिरचीचा जाळ बियात नसतोच, आतल्या पांढऱ्या शिरा असतात ना ज्याला बी चिकटलेलं असतं, तिथं असतो, कॅप्सेसिन म्हणतात त्याला, बियाला तो नुसता लागलेला असतो. आणि जिभेवर जो रिसेप्टर, म्हणजे मेंदूला खबर देणारा भाग, ह्या कॅप्सेसिननं जागा होतो, तोच साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनंही जागा होतो, म्हणून मेंदूला वाटतं की खरंच भाजलं. डेव्हिड ज्युलियस म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हा रिसेप्टर शोधला आणि 2021 चं नोबेल त्यांना मिळालं, दुसऱ्या एका शास्त्रज्ञासोबत. मला हे ऐकून फार बरं वाटलं. गरम रस्सा गार रस्स्यापेक्षा तिखट का लागतो हे मला रोज जिभेवर कळत होतं, त्याचं कारण आज घरातल्या लेकरानं सांगितलं.

भाजणं मात्र कुणाच्या हाती देत नाही मी. सगळं एकत्र कढईत टाकून भाजलं की संपलं, जिरं जळतं अन् धणे कच्चे राहतात. म्हणून एकेक. आधी धणे, कोरडेच, मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत. मग जिरं, शहाजिरं, तीळ, खसखस. मग करडईच्या तेलाचा हात फिरवून लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, बाद्यान म्हणजे चक्रीफूल, तमालपत्र, जायपत्री, नाकेश्वर म्हणजे नागकेशर. हळकुंड आणि हिंगाचा खडा तळून घ्यायचा, फुलला पाहिजे. दगडफूल शेवटी, तेल चांगलं तापलेलं असताना. कोरडं हुंगलं तर ते काहीच बोलत नाही, गरम तेलात पडलं की घरभर होतं, आणि काळ्या तिखटाला जो वास येतो ना, ओळखीचा, जरा मातीसारखा जरा धुरासारखा, तो बराचसा ह्याचाच. आणि मग खोबरं. खोबऱ्याला वेळ द्यावाच लागतो. पातळ काप करून भाजत राहायचं, सोनेरी झालं तरी थांबायचं नाही, तपकिरी झालं तरी नाही, काळपट कडा धरून तेल सुटायला लागलं की लगेच खाली. तिखट काळं होतं ते ह्या खोबऱ्यानं आणि खमंग भाजलेल्या मिरचीनं, आणि जळकं होतं तेपण ह्यांच्यानंच, मधे मिनिटभराचंच अंतर.

मिरच्या सगळ्यात शेवटी, खिडक्या उघडून. तरी ठसका गेलाच बाहेर, हे अंगणातून ओरडले, काय भाजायलीस, गल्ली खोकायली!

कांडपावरून आणलं तेव्हा डबा कोमट होता. कांडलेलं तिखट गरम असताना झाकायचं नाही, ओल धरतं, परातीत पसरून निवू द्यायचं.

हे सगळं भाजताना एक विचार नेहमी येतो. मिरची आपली नाहीच मुळात, अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडं आली. त्याच्या आधी आपल्या जेवणाला तिखटपणा होता तो मिऱ्याचा, सुंठीचा, पिंपळीचा. काळ्या तिखटात मिरचीबरोबर मिरे अजून आहेतच, म्हणजे जुना तिखटपणा अन् नवा एकाच बरणीत. मिऱ्याचा घशात जाणवतो, मिरचीचा जिभेवर अन् ओठावर. दोन्ही असले की तिखट भरून लागतं, एकाच जागी टोचत नाही.

आणि म्हणूनच हायवेवरच्या ढाब्यावर ‘मराठवाडी झणझणीत’ म्हणून जे ताटात येतं त्याचा मला मनापासून राग येतो. वरून लाल पूड ओतलेली, तेल पोहतंय, खाल्लं की कानातून वाफा, आणि चव विचारली तर सांगता येत नाही. लोकांना वाटतं आपल्याकडं असंच खातात, नाकातून पाणी काढत. अहो तिखट आधी नाकाला कळलं पाहिजे, मग जिभेला गोडसर खोबरं, तीळ, धणे, आणि सगळं झाल्यावर मागून हळूच जाळ चढला पाहिजे.

मटण साधंच केलं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं, आळणी पाणी, म्हणजे तिखट घालायच्या आधीचं मटणाचं पाणी, वाटीवाटीनं आधीच पिऊन झालं सगळ्यांचं. करडईच्या तेलात कांदा-खोबऱ्याचं वाटण परतलं, गॅस बारीक केला, मग तिखट, कारण मोठ्या आचेवर टाकलं तर एवढा वेळ भाजून कमावलेलं एका क्षणात करपतं. तेल सुटलं की मटण, उरलेलं आळणी पाणी अन् वरून आधणाचं पाणी, गार घातलं तर तर्री नीट येत नाही. आणि येसर. आमच्याकडं येसरला गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ अन् धणे-जिरं भाजून दळतात. दोन चमचे गार पाण्यात कालवून घातलं, गुठळी होऊ न देता, आणि चांगलं खदखदू दिलं. येसरनं रस्सा दाट होतो एवढंच नाही, भाजक्या धान्याची चव तिखटाला धरून ठेवते, भाकरीच्या काल्यात पाणी वेगळं मसाला वेगळा असं होत नाही.

भाच्यानं ज्वारीची भाकरी कुस्करून काला केला, कांदा बुक्कीनं फोडला, आणि बराच वेळ कुणाशी बोललाच नाही. मग म्हणाला, मामी पाणी नको, दूध द्या, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दिलं.

अर्धा किलो तिखट काचेच्या बरणीत भरून दिलंय त्याच्याबरोबर, वर हिंगाचा खडा ठेवून, येसर वेगळं बांधलंय. वन्संना फोन करून सांगितलं तर त्या म्हणल्या, वहिनी आमच्याकडं एवढं तिखट सोसत नाही कुणाला, कमी घालीन. म्हणलं वन्सं, तिखट कमी करू नका, बेडगीचं आहे निम्म्याच्या वर, येसर अर्धा चमचा वाढवा अन् वरून लिंबू पिळा, आणि ओला चमचा बरणीत घालू नका कुणाला. सकाळी सातची एसटी आहे, बरणीला दोन पिशव्या लावल्यात.