टाक्यातले पाणी आणि सॅकमधला फिल्टर

येत्या डिसेंबरात माझी भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी अशा चौघीजणी बागलाणात चार दिवसांच्या भटकंतीला निघणार आहोत. नाशिकहून सटाणा, ताहराबाद करत मुल्हेर गाठायचे, मुल्हेर, मोरा आणि हरगड हे किल्ले पाहायचे, मग साल्हेरच्या किल्ल्यावर मुक्काम करून वाघांब्याच्या बाजूने उतरायचे, असा बेत आहे. शिधा, तंबू, अंथरूण-पांघरूण हे सगळे एका संध्याकाळी ठरले. पाण्याचा फिल्टर ठरवायला मात्र मला जवळजवळ दोन महिने लागले. तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही, म्हणून त्यामागचा विचार सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका किल्ल्यावरून परतल्यावर आम्हा सहाजणांपैकी एकाला कावीळ झाली. ट्रेक होऊन तोवर महिना लोटला होता, त्यामुळे तिथल्या पाण्याशी या आजाराचा काही संबंध असू शकेल हे कोणाच्याच मनात आले नाही. रक्ताच्या तपासणीत हिपॅटायटिस ए निघाल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की महिन्याभरापूर्वी बाहेरचे पाणी कुठे प्यायलात. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण 15 ते 50 दिवस जातात, हे मला तेव्हा प्रथम कळले. ती कावीळ त्या किल्ल्यावरच्या, कातळात खोदलेल्या टाक्याच्याच पाण्याने झाली असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते पाणी आम्ही तोंडाला लावायच्या नळीसारख्या फिल्टरमधून प्यायलो होतो, तो फिल्टर नवा होता, नामांकित होता आणि त्याने आपले काम चोख केले होते. या आजाराला अडवणे हे मुळात त्याचे कामच नव्हते.

ही गोष्ट समजून घ्यायची तर थोडे आकडे पाहावे लागतात. सॅकमध्ये नेण्याचे बहुतेक हलके फिल्टर पोकळ तंतूंचे असतात. शेवयांसारख्या बारीक नळ्यांचा जुडगा एका डबीत घट्ट बसवलेला असतो आणि त्या नळ्यांच्या भिंतींना 0.1 किंवा 0.2 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) छिद्रे असतात. जिआर्डिया या परजीवीचे कोष 8 ते 12 मायक्रॉनचे, क्रिप्टोस्पोरिडियमचे 4 ते 6 मायक्रॉनचे, आणि जुलाब, विषमज्वर, पटकी यांचे जिवाणू साधारण अर्ध्या मायक्रॉनपासून पुढचे. हे सगळे त्या जाळीत अडकतात. हिपॅटायटिस ए चा विषाणू मात्र सुमारे 0.027 मायक्रॉनचा, म्हणजे छिद्राच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा असतो. पिठाच्या चाळणीतून पाणी जावे तितक्या सहज तो पलीकडे जातो.

परदेशी भटक्यांनी केलेली फिल्टरची परीक्षणे मी खूप वाचली आणि त्यांच्यावर विसंबून राहणे ही आपली मोठी चूक होते, असे माझे मत झाले. ज्या डोंगरांत मैलोन्‌मैल वस्ती नाही, गुरे नाहीत आणि झरा बर्फातून निघून थेट बाटलीत येतो, तिथे विषाणूची काळजी फारशी करावी लागत नाही. विषाणूजन्य काविळीचे हे आजार माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतात, आणि आपल्या किल्ल्यांवर माणूस आहे. शनिवार-रविवारी हरिहर गडाच्या पायऱ्यांवर लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या गर्दीतला प्रत्येकजण आडोसा शोधतो, तो आडोसा पुष्कळदा टाक्याच्या वरच्या उतारावर असतो, आणि पावसाळ्यात तो उतार धुऊन कुठे येतो हे उघड आहे.

काविळीच्या विषाणूचा आणि पाण्याचा संबंध आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेत सांडपाणी मिसळून दिल्लीत काविळीची साथ आली आणि सुमारे 29,000 लोक आजारी पडले. पुढे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून ती साथ आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो त्याची होती असे निष्पन्न झाले. या साथीतली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट अशी, की त्या काळात शहरात विषमज्वर आणि हगवण यांचे रुग्ण त्या प्रमाणात वाढले नाहीत. पाण्यात तुरटी आणि क्लोरीन पडत होते, त्याने जिवाणू आवरले. गढूळ, घाण पाण्यातला विषाणू मात्र तेवढ्याने आवरला नाही. जिवाणू मेले म्हणजे पाणी निर्धोक झाले, असे धरून चालता येत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर मी एकच प्रश्न घेऊन गेले होते, की हा विषाणू अडवतो का. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात विक्रेत्याने डबीवरचा ‘99.9999 टक्के’ हा आकडा माझ्यासमोर धरला आणि यात सगळे आले असे खात्रीने सांगितले. त्याच डबीवर खाली बारीक अक्षरांत तो आकडा जिवाणूंचा असल्याचे छापलेले होते. अमेरिकेत 1987 पासून जो दंडक मानला जातो, त्यात जिवाणू 99.9999 टक्के, विषाणू 99.99 टक्के आणि परजीवींचे कोष 99.9 टक्के कमी करील त्यालाच प्युरिफायर म्हणतात. केवळ पहिली आणि तिसरी अट पाळणारा तो फिल्टर. आपल्या घरच्या ओट्याजवळ भिंतीवर लावलेल्या यंत्राला आपण फिल्टरच म्हणतो, त्यामुळे या दोन शब्दांतला फरक आपल्या लक्षात येत नाही. डबीवर ‘व्हायरस’ हा शब्द त्याच्या स्वतंत्र आकड्यासह छापलेला नसेल, तर तो विषाणू अडवत नाही असेच समजावे.

विषाणूसह सगळे काढणारी साधने मिळतात. दाब देऊन पाणी गाळणारी ग्रेल जिओप्रेस ही बाटली मी हाताळून पाहिली. कॉफीच्या दट्ट्यासारखी वरून दाबायची आणि एका दाबात 710 मिलीलिटर पाणी तयार होते. एकट्यादुकट्याने जायचे असते तर मी तीच घेतली असती. पण तिचे वजन सुमारे 450 ग्रॅम, तिच्या आतल्या काडतुसाचे आयुष्य सुमारे 250 लिटर, आणि आम्हा चौघींचे चार दिवसांचे पाणी पिण्या-रांधण्याचे मिळून किमान 64 लिटर. म्हणजे अशा चार भटकंत्या झाल्या की नवे काडतूस घ्यायचे. अतिनील किरणांचा पेन एक लिटर पाणी दीड मिनिटात निर्जंतुक करतो, मात्र पाणी नितळ असावे लागते आणि बॅटरी संपली की तो निरुपयोगी होतो. पाणी उकळणे हा उपाय सर्वांत खात्रीचा आहे, पण लिटरमागे साधारण 10 ते 15 ग्रॅम गॅस जातो. 64 लिटरसाठी लागणाऱ्या गॅसच्या डब्या पाठीवर वाहून नेणे अवघड, आणि गडावरचे सरपण तोडून पाणी उकळणे मला पटत नाही.

शेवटी मी सॉयर स्क्वीझ हा पिशवीतले पाणी दाबून गाळायचा, पोकळ तंतूंचा, सुमारे 85 ग्रॅम वजनाचा फिल्टर आणि त्याच्या जोडीला क्लोरीनच्या गोळ्या अशी निवड केली. याचे कारण वजन किंवा किंमत हे नाही. या दोघांची उणीव एकमेकांनी भरून निघते. क्रिप्टोस्पोरिडियमच्या कोषाला गोळीचे क्लोरीन दाद देत नाही, पण तो फिल्टरमध्ये हमखास अडकतो. विषाणू फिल्टरमधून निसटतो, पण स्वच्छ पाण्यात क्लोरीन त्याला मारते. क्रम मात्र आधी गाळणे आणि मग गोळी असाच हवा, कारण गढूळ पाण्यातला गाळ आणि शेवाळच क्लोरीन खाऊन टाकतात आणि मातीच्या कणांना चिकटलेला विषाणू त्यांच्या आड बचावतो. भाचीने विचारले, “मावशी, एकदा गाळले म्हणजे झाले नाही का?” तेव्हा मी तिला हेच सांगितले. गोळी टाकल्यावर किमान अर्धा तास थांबायचे, आणि गोळी किती लिटरची आहे ते पाकिटावर वाचूनच टाकायची. 20 लिटरच्या गोळ्याही बाजारात असतात आणि त्या एका बाटलीत टाकून चालत नाही.

खरेदी झाल्यावर मी फिल्टरची घरी परीक्षा घेतली. एका रविवारी अंजनेरीला गेले असताना वरच्या तळ्यातले पाच लिटर पाणी कॅनमध्ये भरून आणले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मापाचे भांडे ठेवून, मोबाइलवर वेळ लावून एकेक लिटर पिळून काढले. पहिल्या लिटरला सव्वा मिनिट लागले. तिसऱ्याला दोन मिनिटे. पाचव्या लिटरच्या वेळी पिशवी दोन्ही हातांनी दाबताना माझी बोटे पांढरी पडली आणि धारेची नुसती टपटप झाली. मग सोबत मिळालेल्या पिचकारीत स्वच्छ पाणी भरून ते उलट्या बाजूने जोरात सोडले, तेव्हा फिल्टरच्या तोंडातून हिरवट पिवळे, किंचित लिबलिबीत पाणी स्टीलच्या ताटलीत उतरले. तिसऱ्या पिचकारीला ते पांढरे झाले. त्यानंतर पुन्हा लिटरला दीड मिनिट. कंपनी या फिल्टरचे आयुष्य लाखो लिटरचे सांगते. माझ्या दृष्टीने तो आकडा बिनमहत्त्वाचा आहे, कारण गडावर ही पिचकारी विसरली तर दुसऱ्याच दिवशी फिल्टर तुंबेल.

यावर आपल्या घरातच जुना उपाय आहे, तो म्हणजे सुती कापड. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे रुग्ण 48 टक्क्यांनी घटल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पटकीचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात आणि ते जलचर कापडात अडकतात. नवी साडी चालत नाही, कारण धुऊन धुऊन तंतू मोकळे झाले की कापडाची वीण दाट होते. मी आईच्या एका विरलेल्या पातळाचे दोन हात-दोन हातांचे तुकडे केले आहेत. टाक्यातले पाणी आधी त्यातून भांड्यात, मग फिल्टरच्या पिशवीत आणि मग बाटलीत. या एका पायरीने पाचव्या लिटरचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला.

एक छोटी बाब खरेदीच्या वेळीच पाहावी. या फिल्टरच्या तोंडाचे आटे 28 मिलीमीटरचे आहेत आणि थंड पेयांच्या बहुतेक बाटल्यांवर ते बरोबर बसतात, पण पाण्याच्या सगळ्याच बाटल्यांवर बसतील असे नाही. फिल्टरसोबतची पिशवी शिवणीवर फाटते अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, म्हणून तशी एक रिकामी बाटली बरोबर असावी आणि ती दुकानातच लावून पाहावी.

हा फिल्टर आणि गोळ्या मिळूनही एक गोष्ट करू शकत नाहीत, आणि नाशिककरांनी ती विशेष ध्यानात ठेवावी. पाण्यात विरघळलेली रसायने यातून जशीच्या तशी उतरतात. दिंडोरी, निफाड, सटाणा या भागांत द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांना फवारणी होते. त्या बागांच्या खालच्या अंगाचा ओहोळ कितीही नितळ दिसला तरी त्याचे पाणी घेऊ नये. अशा ठिकाणी गावातल्या घरी पाणी मागावे. साल्हेरच्या पायथ्याला मागे एकदा मी असेच पाणी मागितले, तेव्हा हंडा कलता करत त्या घरच्या आजी म्हणाल्या, “पी व बाई, पानी गोड शे.” ते खरोखरच गोड होते, आणि त्यांच्यासमोर फिल्टर काढायला मला संकोच वाटला. बाटली भरून घेऊन मी पुढच्या वळणावर तिच्यात गोळी टाकली. त्यांच्या विहिरीवर अविश्वास म्हणून नव्हे, तर ज्या पाण्याची त्यांच्या शरीराला सवय आहे त्याची माझ्या शरीराला नाही म्हणून.

भाची मे महिन्यात हिमाचलात जाणार आहे आणि हाच फिल्टर नेणार आहे. तिला मी बजावून ठेवले आहे की एकदा ओला झालेला फिल्टर रात्री गोठता कामा नये, कारण आतले पाणी गोठून फुगले की तंतू तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिथे तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ घेऊन झोपायचा.

आणखी एक गोष्ट: हिपॅटायटिस ए ची लस उपलब्ध आहे. चौघींनीही आपापल्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारायचे असे ठरले आहे.

आता सामान बांधून तयार आहे. अशुद्ध पाण्याच्या पिशवीला आणि त्या बाजूच्या भांड्याला लाल दोरा बांधला आहे, स्वच्छ पाण्याच्या बाटल्यांना काहीच नाही. लाल दोऱ्याच्या बाजूचा एक थेंब बाटलीच्या तोंडावर ओघळला तरी सगळे गाळणे फुकट जाते, म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही चौघींनी आमच्या गच्चीवर बादलीतले पाणी घेऊन अंधारात, केवळ डोक्याला लावायच्या हेडलॅम्पच्या उजेडात, ही सगळी क्रिया दोनदा करून पाहिली. पहिल्या वेळी भाचीने फिल्टर उलटा लावला होता. दुसऱ्या वेळी चुकले नाही.