धुऊन चकाचक केलेले व्हॉल्व्ह

मे महिन्यात नागपूरच्या महालातले एक गृहस्थ आजोबांचा रेडिओ घेऊन दुकानात आले. घरात लग्न, म्हणून सफाई निघालेली. त्यात कुणीतरी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) उपटून साबणाच्या पाण्यानं घासले होते. काचेवरची नंबरांची छपाई साफ गेली. बुटाच्या डब्यात पाच व्हॉल्व्ह, सगळे नऊ पिनांचे. सेटमध्ये सॉकेट मात्र चारच.

"भाऊ, जिथं बसते तिथं लावून द्या नं!"

बसतात सगळेच, गोम तीच आहे.

काचेवर श्वास सोडला की पुसलेली अक्षरं कधीकधी उमटतात. पण नागपूरच्या मे महिन्यात काचेवर वाफ धरत नाही, म्हणून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून पाहिले. एकावर दवात 'यू' आणि '८५' दिसलं, विरलं. बाकीचे कोरे.

'यू' दिसला तेवढं पुरे होतं. यू मालिकेचे व्हॉल्व्ह १०० मिलिअँपिअरचे. अशा सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारा) दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. (चॅसिस, म्हणजे सेटची धातूची चौकट, थेट घरच्या विजेवर येऊ शकते. सेटला त्या विजेपासून अलग ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मी अशा सेटला बोट लावत नाही.)

मग प्रत्येकाच्या ४ आणि ५ नंबरच्या पिनांतून १०० मिलिअँपिअर सोडले, तापू दिलं आणि व्होल्टेज मोजलं. दव धरलेल्यावर ३८ आले, म्हणजे यूवाय ८५, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा). एकावर ५०, तो यूसीएल ८२, आउटपुटचा (स्पीकर चालवणारा). दोघांवर १९-१९: यूसीएच ८१ आणि यूबीएफ ८९, पण कुठला कोणता? यूबीएफच्या ७ आणि ८ नंबरच्या पिना दोन डायोडच्या असतात. तापलेल्या व्हॉल्व्हवर कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) हिशेबानं थोडं व्होल्टेज दिलं की दोन्हींतून सारखाच करंट वाहतो. यूसीएचमध्ये त्याच दोन पिनांवर भलतीच तफावत. मिनिटभरात निकाल लागला.

पाचवा मात्र दिसायला हुबेहूब यूसीएल ८२. आतला सांगाडा तोच, उंची तीच. मीटरवर एक व्होल्टसुद्धा नाही, फिलामेंट काळंच. पण तुटलेलंही नाही. ६.३ व्होल्ट थेट दिले, तर पाऊण अँपिअर ओढून लालबुंद झालं. ईसीएल ८२! यूसीएलचाच भाऊ, पण ६.३ व्होल्टवर चालणारा.

पिना सारख्याच, म्हणून तो यूसीएलच्या जागी निमूट बसला असता. मग माळेतले ५० व्होल्ट गायब. २३० व्होल्टला १०० मिलिअँपिअर म्हणजे माळेचा एकूण विरोध २३०० ओहम, त्यातले ५०० गेले की करंट सव्वाशेच्या वर. उरलेले तिघं जास्त तापून लवकर मेले असते. आणि आवाज नाही म्हणून दोष स्पीकरला दिला गेला असता, हे वेगळं.

"आजोबांकडं रेकॉर्ड प्लेअर होता काय हो?"

"होता नं! भंगारात देऊन टाकला."

त्यातलाच असावा. प्लेअरच्या अँप्लिफायरमध्ये हा सर्रास सापडतो.

जुने पेपर कपॅसिटर बदलून सेट हळूहळू व्होल्टेज चढवत चालू केला. ५८५ किलोहर्ट्झवर आकाशवाणी नागपूर लागलं. गृहस्थ खूश. पाचवा खिशात टाकत म्हणाले, "हा स्पेअर ठेवतो."

मी त्यावर मार्करनं 'रेडिओत लावू नये' लिहून दिलं, आणि तो परत धुऊ नका असंही बजावलं.