बाटलीतले दोन फुगे

मी 1998 च्या दहावीच्या बॅचची. आता पुण्यात चेस्ट फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन झालेल्या, दम लागणाऱ्या, छातीत ट्यूब टाकलेल्या पेशंटना नीट श्वास घ्यायला लावायचं हेच माझं दिवसभराचं काम, आणि त्याचं मूळ आपल्या शाळेच्या लॅबमध्ये आहे हे मला या स्मरणिकेत लिहायचंच होतं.

आमचे विज्ञानाचे सर श्वसनाचा धडा पुस्तक न उघडता शिकवायचे. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापलेलं, झाकणातून वाय आकाराची नळी आत सोडलेली, नळीच्या दोन टोकांना दोन फुगे, आणि बुडाच्या जागी मोठा फुगा कापून ताणून बांधलेला. सर खालचं रबर चिमटीत धरून ओढायचे आणि आतले फुगे कोणी न फुंकताच फुगायचे! मग प्रश्न, "हवा गेली म्हणून जागा झाली, का जागा झाली म्हणून हवा गेली?" वर्गात नुसता गलका, निम्मी पोरं इकडे निम्मी तिकडे, आणि सर उत्तर न देता परत रबर ओढून दाखवायचे.

उत्तर दुसरं. फुफ्फुसाला स्वतःला फुगवायचे स्नायू नसतातच. खाली घुमटासारखं असलेलं श्वासपटल आकसून सपाट होतं, साध्या श्वासात ते जेमतेम एक-दीड सेंटिमीटर खाली सरकतं, त्याच वेळी बरगड्यांमधले बाहेरचे स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात, छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि साधारण 500 मिली हवा आत येते. सोडताना तर काहीच करावं लागत नाही, स्नायू सैल पडले की ताणलेलं फुफ्फुस आपणहून आकसतं. खोकायला, ओरडायला मात्र पोटाचे स्नायू लागतात.

हे सरांनी आम्हाला मैदानावर पटवलं. कबड्डीचा दम म्हणजे सगळा सोडायचा श्वास, पण सुरुवातीला छाती पूर्ण भरलेली असते तेव्हा श्वास घेणारेच स्नायू ती धरून ठेवतात, एकदम रिकामी होऊ देत नाहीत, आणि शेवटी शेवटी पोट आत दाबून उरलेली हवा काढावी लागते. पोटावर हात ठेवून "कबड्डी कबड्डी" म्हणून बघा, दम संपत येताना पोट कडक झालेलं हाताला लागतं.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती पुढची गोष्ट. सर दाभण मेणबत्तीवर तापवून बाटलीला कडेनं एक भोक पाडायचे. आता रबर कितीही ओढा, फुगे ढिम्म. भोकावर बोट दाबलं की परत फुगायला लागायचे. कॉलेजमध्ये न्यूमोथोरॅक्स शिकवायला घेतला तेव्हा बाकीचे पाठ करत होते आणि मला तो डोळ्यासमोर दिसत होता, फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या फटीत हवा शिरली की स्नायू ओढतात पण फुफ्फुस त्यांच्या मागे जात नाही. 1928 साली बॉस्टनमध्ये पहिल्यांदा वापरलेलं आयर्न लंग, ज्यात पोलिओच्या पेशंटचं डोकं बाहेर ठेवून बाकी शरीर बंद पेटीत घालायचे, तेही हेच करायचं, पेटीतला दाब कमी करून छाती बाहेरून उघडायचं. आजचे व्हेंटिलेटर उलट हवा आत ढकलतात.

छातीत साठलेली हवा काढायला ट्यूब टाकलेल्या पेशंटच्या कॉटखाली पाण्याची बाटली असते, नळीचं टोक त्या पाण्यात बुडलेलं. तो स्वतः श्वास घेतो तेव्हा नळीतलं पाणी वर चढतं, सोडतो तेव्हा उतरतं. घाबरलेल्या नातेवाईकांना मी खाली वाकून ते पाणी बघायला सांगते, तो दाब कसा बदलतोय हे सरांच्याच भाषेत समजावते, आणि मग पेशंटही दुखत असतानाही थोडा मोठा श्वास घ्यायला तयार होतो. टाके दुखतात म्हणून वरवरचा श्वास घेत राहिलं तर फुफ्फुसाचा खालचा भाग बंद पडत जातो, कफ साठतो, ताप येतो, हे मी रोज बघते, म्हणून या मोठ्या श्वासासाठी मी अक्षरशः भांडते.

सर आता थकलेत, पण मागच्या वर्षी भेटले तेव्हा नळीतलं पाणी वर का चढतं हे त्यांनी मला परत एकदा समजावून सांगितलं आणि मी मुकाट ऐकलं, इतकं छान सांगतात अजूनही.

लॅबसाठी मी तीन गोळ्यांचे काही स्पायरोमीटर, म्हणजे मोठा श्वास घ्यायच्या व्यायामाची उपकरणं, पाठवतेय, श्वास आत ओढून गोळ्या वर ठेवायच्या असतात, फुंकायचं नसतं. प्रत्येक मुलाचं माउथपीस वेगळं ठेवा.